बढतीला ‘नको’ म्हणणाऱ्यांच्या वतीने

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. व्यवस्थापकीय संचालक,
सार्वजनिक क्षेत्रातील सर्व बारा बँका

विषय : लिपिक संवर्गातून अधिकारी संवर्गात होणाऱ्या बढत्या आणि त्यांना मिळणारे नकार

महोदय, महोदया,



आपल्या मनुष्यबळ विभागाचे एक परिपत्रक दरवर्षी ठरल्याप्रमाणे शाखाशाखांत येऊन पडते. लिपिक संवर्गातून अधिकारी संवर्गात, म्हणजे स्केल वनमध्ये, बढती हवी असणाऱ्या पात्र कर्मचाऱ्यांनी अमुक तारखेच्या आत अर्ज करावेत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जी चर्चा होते ती मुख्यालयापर्यंत पोहोचत नाही. डबे उघडलेले असतात. कोणीतरी विचारतो, “काय, यंदा बसणार का?” आणि ज्याने बसावे असे सगळ्या शाखेला वाटत असते तोच नेमका म्हणतो, “कशाला ते विकतचं दुखणं?” सगळे हसतात, लोणच्याची बाटली पुढे सरकते आणि विषय तिथेच संपतो.

मी बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि व्यवस्थापक होऊन निवृत्त झालो. बँकिंग सेवा भरती मंडळाच्या परीक्षेतून आलेल्या, जाडजूड लेजरांत बोटाने खाती शोधणाऱ्या पिढीतला मी. काउंटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही प्रकारचा घाम मला माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहायचा अधिकार आहे असे समजतो.

बढती नाकारणाऱ्यांबद्दल झोनल ऑफिसात एक ठरलेले मत असते. ‘यांना सुखाची नोकरी हवी. जबाबदारी नको.’ मी हे मत इतक्या वेळा ऐकले आहे की ते बोलणाऱ्याचा चेहरासुद्धा आता वेगळा आठवत नाही. माझे म्हणणे असे की, नाकारणाऱ्यांतल्या बहुतेकांना जबाबदारी नको असते हे खरे नाही. ती ते आजही घेतात, फक्त सही दुसऱ्याची असते. त्यांना नको असते ती आपण जबाबदारीच्या गळ्यात बांधून पाठवलेली दूरची बदली. व्यवस्थापक होण्याची लायकी आणि घर सोडून लांब जाण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच अर्जावर छापल्या, आणि मग माणसे कमी का येतात म्हणून चिंता करत बसलो.

उदाहरण देतो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या एका शाखेतले. जून महिना, पहिला पाऊस पडून गेलेला, पीक कर्जाच्या नूतनीकरणासाठी दारापर्यंत रांग. काउंटरवर एक बाई बसतात. नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. एक म्हातारे शेतकरी सातबारा आणि आठ-अ पुढे करतात. बाई सातबाऱ्यावरून एकदा नजर फिरवतात आणि विचारतात, “काका, धाकट्या भावाची वाटणी झाली ना? मग फेरफार का नाही नोंदवला?” काका गडबडतात. बाई पुढे वाचतात. इतर अधिकाराच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा तसाच आहे. “सोसायटीचं फिटलंय म्हणता, मग बोजा कमी करून आणा. तलाठ्याकडे आजच जा, उद्या शनिवार आहे.” मग खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बघतात. तो पुण्यात कामाला गेलेल्या मुलाचा. म्हणजे ओटीपी पुण्याला जाणार आणि काका इथे ताटकळणार. तोही बदलायचा अर्ज त्या तिथल्या तिथे भरून घेतात. हे सगळे होईपर्यंत मागचा माणूस फार तर दोनदा खाकरलेला असतो.

आतल्या केबिनमध्ये शाखाधिकारी बसलेले. तरुण, परराज्यातून आलेले, रात्री नऊपर्यंत काम करणारे, अत्यंत प्रामाणिक. सातबारा त्यांना वाचता येत नाही. येईल कसा? त्यांना तो कोणी शिकवला? दर अर्ध्या तासाने ते बाहेर येतात आणि विचारतात, “मॅडम, ये वाला ठीक है ना?” मॅडम मान हलवतात, साहेब सही करतात. मंजुरी कागदावर साहेबांची असते आणि निर्णय बाईंचा असतो. उद्या कर्ज थकले तर जाब मात्र साहेबांना विचारला जाईल, कारण फाइलवर बाईंच्या नजरेची नोंद कुठेच नाही.

या बाई जेएआयआयबी झालेल्या आहेत, सीएआयआयबीही झालेल्या आहेत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या या परीक्षा नोकरी, घर आणि शाळेचे डबे सांभाळून देणे म्हणजे काय, ते दिलेल्यालाच कळते. बढतीचा विषय मी काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, परीक्षेत नापास व्हायची भीती नाही. पास झाले तर काय, याची आहे.”

त्यांचे पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. ही नोकरी जिल्ह्याची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहावे लागते, आणि दुसऱ्या राज्यात जायची तर सोयच नाही. घरात सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलगा दहावीला. बाईंना स्केल वन मिळाले आणि नेमणूक ओडिशात किंवा बिहारमध्ये झाली, तर संसाराचे दोन तुकडे होतात. हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. पण आपल्या कागदावर ही ‘वैयक्तिक अडचण’ असते. अडचण हजारोंची असेल, तर ती वैयक्तिक कशी राहील?

आता पैशाचे पाहू, कारण शेवटी आपण बँकेतली माणसे. 8 मार्च 2024 रोजी झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारानुसार लिपिकाचे मूळ वेतन 24,050 रुपयांपासून सुरू होते आणि वेतनश्रेणी 64,480 वर संपते. स्केल वन अधिकाऱ्याची श्रेणी 48,480 पासून 85,920 पर्यंत जाते. नव्याने लागलेल्या तरुण लिपिकाला ही झेप मोठी वाटते आणि ती आहेही. पण ज्याची वीस वर्षे भरत आली, जो श्रेणीच्या टोकाला पोहोचला, त्याला वेतननिश्चितीनंतर हातात पडणारी वाढ इतकी नसते की दुसऱ्या गावातले दुसरे घर, दर महिन्याचे रेल्वेचे तिकीट आणि म्हाताऱ्यांसाठी ठेवलेली बाई यांचा खर्च भागून काही उरावे. बँक भाडेतत्त्वावर घर देते, हे मान्य. पण बँक घर देते म्हणून घरातली माणसे तिकडे येत नाहीत.

पगाराच्या स्लिपवर न दिसणारे नुकसान वेगळेच. लिपिकाचे कामाचे तास ठरलेले, जादा कामाचा भत्ता ठरलेला. औद्योगिक कायद्याच्या लेखी तो कामगार, त्यामुळे त्याच्या डोक्यावर काही संरक्षण असते. अधिकारी झाला की तास संपले, ओव्हरटाइम संपला आणि ते संरक्षणही गेले. आली ती उत्तरदायित्वाची टांगती तलवार. आज मंजूर केलेले कर्ज तीन वर्षांनी अनुत्पादक झाले तर चौकशीचे पत्र निघते, आणि तेव्हा सही करणारा तिसऱ्याच राज्यात कोणत्यातरी शाखेत बसलेला असतो. त्यावर विम्याच्या पॉलिसी, म्युच्युअल फंड, अटल पेन्शनचे लॉगिन डे, आणि रात्री आठनंतरची आढाव्याची व्हिडिओ कॉन्फरन्स. हे सगळे पाहून एखाद्या शहाण्या माणसाने आहे ते बरे आहे असे म्हटले, तर तो आळशी ठरत नाही. त्याला हिशेब येतो, एवढेच सिद्ध होते.

तरीही मी या बाईंना आणि त्यांच्यासारख्या अनेकांना ‘अर्ज करा’ असे सांगत आलो. कारण व्यवस्थापकाचे काम चांगले असते. अवघड असते, पण चांगले. त्यात काय शिकावे लागते ते सांगतो, म्हणजे दूरच्या बदलीचा त्याच्याशी किती संबंध आहे हे आपल्यालाच दिसेल.

पहिली गोष्ट, आपले काम आपण न करणे. चांगला लिपिक म्हणजे ज्याचे काउंटर दिवसाखेरीस पैशालाही चुकत नाही. तोच अधिकारी झाला की दुसऱ्याच्या काउंटरवरची रोकड मोजायला धावतो, दुसऱ्याचे व्हाउचर स्वतः भरतो आणि रात्री दमून म्हणतो, मलाच सगळे करावे लागते. त्याला हळूहळू कळते की त्याचे काम रोकड मोजायचे नाही, तर ती मोजणाऱ्याला घाई होणार नाही अशी रांग लावायचे आहे. दुसरी गोष्ट, कालच्या मित्राला नाही म्हणणे. ज्याच्या डब्यातली चटणी वर्षानुवर्षे खाल्ली, त्याचा मार्चअखेरचा रजेचा अर्ज परत करावा लागतो. त्याचा वार्षिक अहवाल लिहावा लागतो, आणि त्यात खरे लिहावे लागते. ‘अरे’ म्हणणारे लोक ‘साहेब’ म्हणू लागतात, आणि त्या ‘साहेब’मध्ये कधी आदर असतो, कधी टोमणा. दोन्ही पचवता आले पाहिजेत.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. समोरच्याला कर्ज का देता येत नाही हे त्याच्या तोंडावर, पण त्याचा मान ठेवून सांगणे. लिपिक म्हणतो, “साहेबांना विचारा.” साहेब झाल्यावर विचारायला कोणी उरत नाही. मी अधिकारी झाल्यावर माझ्यापुढे म्हशींसाठी कर्ज मागणारा एक जण आला. कागद सगळे बरोबर होते. मी पाहणीला गेलो. गोठा होता, पण वैरण साठवायला जागा नव्हती, आणि विहीर उन्हाळ्यात आटते असे शेजारच्या पोराने सहज बोलता बोलता सांगून टाकले. दोन म्हशींऐवजी एकीचे कर्ज मंजूर केले. तो रागावून गेला. हप्ते मात्र नियमित आले, आणि पुढे दुसऱ्या म्हशीसाठी तोच पुन्हा आला. ती विहिरीची गोष्ट मला कळली, कारण ते पोर माझ्या भाषेत बोलत होते आणि मी त्याच्या. कर्जाचा निर्णय घेण्यात कागद जितके लागतात, तितकेच असे कानावर पडलेले बोलणेही लागते.

आता सांगा, या तीन गोष्टींतली कोणती गोष्ट घरापासून लांब गेल्याने जास्त चांगली येते? इथेच आपले घोडे पेंड खाते. माणूस व्यवस्थापक म्हणून जिथे सर्वांत उपयोगी पडेल, तिथूनच आपण त्याला उचलतो आणि त्याची भाषा, त्याची ओळख, त्याचा सातबारा जिथे निरुपयोगी होईल तिथे नेऊन ठेवतो. त्याच वेळी तिकडचा तसाच हुशार माणूस इकडे आणतो. दोघेही मनापासून काम करतात, दोघेही दुभाषा शोधतात, आणि दोघांचाही डोळा परत जाण्याच्या अर्जावर असतो.

आपण याला काय उत्तर द्याल, याचा मला अंदाज आहे.

आपण म्हणाल, एका जागी राहिलेला अधिकारी गैरव्यवहाराला वाव देतो, म्हणून फिरती लागते. अगदी मान्य. ठरावीक काळाने बदली झालीच पाहिजे. नाजूक जागांवरच्या माणसाला सक्तीने सलग रजेवर पाठवण्याचा नियमही योग्यच आहे, कारण त्याच्या गैरहजेरीत काय काय बाहेर येते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण फिरती लातूरहून नांदेडला, नांदेडहून हिंगोलीला, हिंगोलीहून परभणीलाही होते. खुर्ची बदलली, खातेदार बदलले, सोबतचे कर्मचारी बदलले की हेतू साध्य झाला. त्यासाठी भाषा बदलावी लागत नाही.

आपण म्हणाल, आपली बँक राष्ट्रीय आहे, अधिकाऱ्याने देश पाहिला पाहिजे. हेही मान्य. स्केल चार, पाच आणि त्यावरच्या पदांवर जाणाऱ्याने देश पाहावाच. पण ज्याला आयुष्यात एका तालुक्याची शाखा उत्तम चालवायची आहे, त्याला देश दाखवण्याचा आग्रह कोणासाठी? 19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते बँक गावापर्यंत जावी म्हणून. तिथे पोहोचल्यावर गावाशी बोलणार कोण, हा प्रश्न त्याच हेतूच्या पोटातला आहे. 2017 मध्ये सत्तावीस असलेल्या सार्वजनिक बँका विलीनीकरणांनंतर 2020 मध्ये बारा झाल्या. बँका मोठ्या झाल्या, नकाशा मोठा झाला आणि त्याबरोबर बदलीचा पल्लाही वाढला. एका प्रदेशात मुळे असलेल्या बँकेत लागलेल्या लिपिकाला एका सकाळी कळले की आता आपली बँक देशभर पसरलेली आहे. बढती घेण्याआधी त्याने नकाशाकडे दोनदा पाहिले, यात नवल नाही.

आपण असेही म्हणाल की, मग डोंगराळ आणि दुर्गम भागात जाणार कोण? हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर तिथल्या लिपिकांना तिथेच अधिकारी करणे हे आहे. गडचिरोलीतल्या लिपिकाला गडचिरोलीत स्केल वन द्या. जो सर्वांना नकोसा मुक्काम, तो कोणाचे तरी घर असतो, हे आपण विसरतो.

आणि मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, हे तत्त्व आपण आधीच मान्य केले आहे, फक्त आपल्याच माणसांसाठी नाही. स्टेट बँक काही वर्षांपासून ‘सर्कल बेस्ड ऑफिसर’ भरते. युनियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनी अलीकडे ‘लोकल बँक ऑफिसर’ भरले. अट काय, तर उमेदवाराला स्थानिक भाषा आली पाहिजे, आणि सुरुवातीची बरीच वर्षे त्याची नेमणूक त्याच राज्यात राहील. म्हणजे स्थानिक भाषा येणारा अधिकारी हवा, हे आपल्याला पटलेले आहे. मग ज्याला ती भाषा येते, शाखेची नाडी येते, ज्याच्या नोकरीची अनेक वर्षे आपल्याकडेच गेली आहेत, त्या लिपिकाला हीच हमी का नाही? बाहेरून येणाऱ्याला राज्य आणि घरातल्याला देश, हा न्याय कोणत्या परिपत्रकात बसतो?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाचेही याबाबत सांगून झाले आहे. 2014 मध्ये त्यांनी महिला कर्मचाऱ्यांची नेमणूक पतीच्या किंवा पालकांच्या ठिकाणाजवळ करण्याची सूचना दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये बदली धोरणांचा आढावा घेऊन स्केल तीनपर्यंतच्या अधिकाऱ्यांना शक्यतो त्यांच्या भाषिक विभागातच सामावून घ्या, पसंतीचे ठिकाण विचारा, सगळे पारदर्शक ठेवा, असे कळवले. सूचना उत्तम. पण ‘शक्यतो’ या शब्दावर कोणी आपला संसार उभा करत नाही. लिपिकाच्या हाती अर्ज भरताना सूचना नको, खात्री हवी.

आपल्या कार्यक्रमांत दोन नावे वारंवार येतात. अरुंधती भट्टाचार्य 1977 मध्ये परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून स्टेट बँकेत लागल्या आणि 2013 मध्ये बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. प्रतीक्षा तोंडवळकर यांनी मुंबईत याच बँकेत सफाई कर्मचारी म्हणून सुरुवात केली, रात्र महाविद्यालयात शिकून त्या लिपिक झाल्या, 2004 मध्ये प्रशिक्षणार्थी अधिकारी झाल्या आणि 2022 मध्ये सहायक महाव्यवस्थापक. दोघींपुढे मान लवते. पण या कहाण्या सांगताना टाळ्या वाजतात त्या त्यांच्या जिद्दीसाठी, आणि मला तिथेच चुकल्यासारखे होते. असामान्य जिद्द असलेलीच माणसे वर जात असतील, तर ते वर गेलेल्यांचे कौतुक आहे, पण शिडीचे नाही. भट्टाचार्य यांच्या कार्यकाळात महिला कर्मचाऱ्यांसाठी दोन वर्षांच्या दीर्घ रजेची सोय झाली. मुलांचे शिक्षण, म्हातारपणातली देखभाल यांसाठी नोकरी सोडावी लागू नये म्हणून. मला त्यांच्या पदापेक्षा ही रजा मोठी वाटते, कारण तिचा फायदा सामान्य जिद्दीच्या बाईलाही होतो.

म्हणून मागण्या अगदी साध्या करतो. एकीलाही नवा कायदा लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरेसा आहे.

एक, लिपिकाने अर्ज करण्याआधीच त्याला सांगा की निवड झाल्यास नेमणूक कोणत्या भाषिक विभागात होईल. स्केल तीनपर्यंत तो विभाग सुटणार नाही, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून द्या. दोन, एकदा बढती नाकारली म्हणून पुढची काही वर्षे दार बंद करू नका. ज्याचा मुलगा आज दहावीला आहे, तो चार वर्षांनी मोकळा असेल. तेव्हा तो अधिक पिकलेला, अधिक उपयोगी असेल. तीन, बढतीनंतर प्रशिक्षण देण्याऐवजी आधी द्या. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी काम बघण्याची, म्हणजे ऑफिशिएटिंगची, पद्धत आपल्याकडे आहेच. ती सेवाज्येष्ठतेच्या भांडणात आणि भत्त्याच्या हिशेबात अडकली आहे. तिला शिकाऊ व्यवस्थापनाचे रूप द्या. चार, नव्या अधिकाऱ्याच्या पहिल्या काळातल्या कर्ज निर्णयांवर अनुभवी अधिकाऱ्याची सोबतीची सही ठेवा, म्हणजे निर्णय घेण्याची भीती सुरुवातीलाच त्याच्या हाडात मुरणार नाही. जो माणूस भीतीने प्रत्येक कर्ज नाकारतो, तोही बँकेचे नुकसानच करतो. त्याची चौकशी मात्र कधी होत नाही.

हे पत्र आपल्यासाठी असले तरी ते काउंटरच्या मागे बसलेलेही वाचतील, म्हणून त्यांनाही चार शब्द.

मित्रांनो, ताईंनो, नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. बढती हवी की नको, हे नंतर ठरवा, पण तिची तयारी आजपासून करा. रोकड आणि पासबुकाच्या काउंटरवर वर्षानुवर्षे राहू नका, कर्ज विभागात बसायला मागा. मंजुरीची टिपणी कशी लिहितात ते वाचा, जमले तर कच्चा मसुदा स्वतः लिहून साहेबांना दाखवा. ऑफिशिएटिंग आले तर ‘भत्ता किती’ विचारण्याआधी ‘अधिकार काय’ विचारा. सीएआयआयबीसाठी ग्रामीण बँकिंगचा ऐच्छिक विषय गावात राहणाऱ्याला खरा उपयोगी पडतो. आणि नकार द्यायचाच असेल तर तो कागदावर, कारण लिहून द्या. डब्याच्या वेळी हसण्यावारी दिलेला नकार बँकेच्या लेखी आळस असतो. कारणासह लिहिलेला नकार आकडेवारी होतो, आणि आकडेवारीला आपल्या वरच्यांना उत्तर द्यावे लागते.

तेव्हा महोदय आणि महोदया, शेवटची विनंती आपल्याला. पुढचे परिपत्रक निघेल, निकाल लागेल, तेव्हा आपल्यापुढे यशस्वी उमेदवारांची यादी येईल. ती वाचण्याआधी दुसरी यादी मागवा. पात्र असून ज्यांनी अर्जच केला नाही त्यांची, शाखेनुसार आणि कारणांनुसार. किती महिला, किती जणांचे जोडीदार राज्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत, किती जण सीएआयआयबी झालेले, किती जणांच्या शाखेत स्थानिक भाषा न येणारा शाखाधिकारी आहे. ही यादी संचालक मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठेवा आणि तिच्याशेजारी त्याच वर्षी बाहेरून भरलेल्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या जाहिरातीचा खर्च ठेवा. आपण बाजारात जी माणसे शोधत फिरतो, त्यांतली किती आपल्याच काउंटरवर बसली आहेत, ते मंडळाला एका बैठकीत कळेल. त्यानंतरही नियम आहे तसाच ठेवायचा असेल, तर तो आपला अधिकार आहे. मग मात्र लिपिकांना जबाबदारी नको असते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे उरणार नाही.



आपला विश्वासू,
लिपिक म्हणून लागलेला एक निवृत्त शाखा व्यवस्थापक